दिल्या घरची

डॉक्टरांनी विचारलं होतं ते इतकंच, की घरात याआधी कुणाला असा त्रास होता का. आणि माझ्या काकांनी एका दमात सांगून टाकलं होतं, "नाही हो डॉक्टर. आमच्या घराण्यात असलं काही कधी कुणाला नाही. मुलीच्या आईकडचं मात्र आम्ही सांगू शकत नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी शेजारी बसलेल्या माझ्या वहिनीकडे पाहिलं होतं.

मी तेव्हा तिथे नव्हते. माझं सासर विजयदुर्गाकडे, माहेर मालवणपासून आत, खाडीच्या वरच्या अंगाला. वहिनीनं त्याच संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं आणि विळीपुढं मासे कापत बसलेली मी तशीच उठून उभी राहिले.

"नाय म्हणान सांगल्यानी?"

"व्हय."

"आणि दादा?"

"ते काय बोलतले? ते खाली बघीत बसले."

दादा म्हणजे माझा भाऊ. आजारी होती ती त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची. पंचविशीतली, हुशार, तारकर्लीला एका होम-स्टेमध्ये बुकिंगचं काम बघायची. पर्यटकांशी हिंदी-इंग्रजीत गोड बोलून त्यांना दोन दिवस जास्त राहायला लावायची अशी तिची ख्याती. ती पोर वैशाखात एके दिवशी कामावर गेली नाही ती गेलीच नाही. जेवण सोडलं, केस विंचरणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली.

मग आमच्याकडे जे होतं ते सगळं यथासांग झालं. काकांनी देवीला कौल लावला. बाधा उतरवणारा घाडी येऊन गेला. वेशीवर नारळ झाला, कोंबडा झाला. मी देवधर्माच्या विरुद्ध नाही, माझ्याही घरी राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, वर्षाचा नारळ जातो. पण कोंबडा देऊन पोरगी उठत नाही हे कळायला आमच्या घराला अख्खा उन्हाळा लागला, याचा राग मला तेव्हाही होता आणि आजही आहे. शेवटी तिच्या होम-स्टेची मालकीण, गोव्याशी सोयरीक असलेल्या ख्रिश्चन घरातली बाई, स्वतः रिक्षा करून आली आणि वहिनीला म्हणाली, "बाय गो, हिका डॉक्टर व्हयो, घाडी नको." तेव्हा कुठे कुडाळला जायचं ठरलं. तिथे घाटावरून मनाच्या आजारांचे एक डॉक्टर ठरावीक दिवशी येतात.

आणि इतकं करून डॉक्टरांसमोर बसल्यावर काका म्हणाले, आमच्याकडे असलं कुणाला नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरातले कर्ते तेच. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवापुढे उभे राहिले की सात पिढ्यांत कुणाचं काय चुकलं, कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाचा नवस फेडायचा राहिला, सगळं धडाधडा बाहेर येतं आणि अख्खा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, तरी त्याला सविस्तर सांगायचं. डॉक्टर बिचारा परका, त्याला काही ठाऊक नाही, तर त्याच्यापुढे तोंडाला कुलूप. मला वाटलं, काका सरळसरळ खोटं बोलले. ते तसं नव्हतं हे मला पुढे कळलं, आणि कळल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

कारण घरात तसा त्रास होता. कुणाला होता हे घरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं.

माझी आत्या. वडिलांची आणि काकांची सख्खी बहीण. तिला शिरोड्याकडे दिली होती. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं आणि तिचं काहीतरी बिनसलं. कधी महिनोन् महिने ती उठायची नाही, चुलीपुढे बसली तर बसलेलीच, भात करपून धूर झाला तरी तिला पत्ता नाही. आणि कधी असं वारं भरायचं की रात्रंदिवस डोळ्याला डोळा नाही, तोंडाला विश्रांती नाही. वाडीतल्या सगळ्या बायकांना कासाराकडून बांगड्या भरायची, स्वतःची लुगडी वाटून टाकायची. सासरच्यांनी एकदा घाडी बघितला, दोनदा बघितला आणि मग एका गाठोड्यासकट तिला माहेरच्या अंगणात, खळ्यात, आणून सोडली. माहेरच्यांनी तिला घरात ठेवली नाही. काजूच्या बागेत राखणीचा मांगर होता, एका खोलीचा, तिथे ठेवली.

मी तिला पाहिलेलं आहे. मी शाळेत होते तेव्हा तिच्यासाठी पेज घेऊन जायचं काम माझ्याकडे होतं. तिचे बरे दिवस असले की ती पहाटे सुरंगीच्या झाडाखाली चादर पसरायची आणि माझ्या केसांसाठी वळेसार करून ठेवायची. इतका घट्ट आणि इतका सारखा गजरा मी पुन्हा कुणाच्या हातचा पाहिला नाही. एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि कुणी डॉक्टरकडे नेईपर्यंत ती गेली. वाडी तिला पिशी म्हणायची. घरात तिचा विषय निघाला की काका म्हणायचे, शिरोड्याकडच्या जागेवाल्याचं, म्हणजे तिथल्या राखणदाराचं, काहीतरी राहिलं, वऱ्हाड खाडी उतरताना नारळ द्यायचा राहून गेला. बस. पुढे बोलायचं नाही.

त्या आत्याचा सख्खा भाऊ म्हणजे माझे वडील. दरवर्षी शिमगा संपला की ते गप्प व्हायचे. दोन शब्दांच्या वर तिसरा नाही, बागेत जायचं नाही, दाढी करायची नाही, पडवीत बसून राहायचं. पाऊस स्थिरावेपर्यंत हे चालायचं. पण त्यांना कुणी पिसो म्हटलं नाही. त्यांना म्हणायचे, अबोल आसत. बाईचं ते वेड आणि पुरुषाचा तो स्वभाव. आमच्या भागात निदान इतकी सोय करून ठेवलेली आहे.

असो. डॉक्टरांनी काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि का ठेवू नये? समोर घरातला वडीलधारा माणूस छातीला हात लावून सांगतोय. त्यांनी उदासीवरची गोळी दिली. पोरगी आठवडाभर तशीच होती, मग हळूहळू उठली, जेवली, हसली. काकांनी राखणदाराला पुन्हा एक नारळ देऊन टाकला. वहिनी मला फोनवर म्हणाली, "आता बरा आसा गो, चवथीक ये आणि बघ." वहिनीला मी म्हटलं होतं की त्या डॉक्टरांना एकदा फोन करून आत्याचं सांग. ती म्हणाली, काकांनी सांगितलंय, सुधारतंय तर उगाच उकरू नका.

चवथीला मी गेले. आमचे हे गाडी लावत होते तेवढ्यात भाची पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मला आधी फार बरं वाटलं. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. तिनं स्वतःचा होम-स्टे काढायचा ठरवला होता, एक नाही तीन. बोट घ्यायची होती. आंबोलीला मामाच्या टपरीशेजारी हॉटेल काढायचं होतं. गणपतीवरची फळापानांची माटवी तिनं एकटीनं बांधली होती, सोडली होती आणि पुन्हा बांधली होती. वाडीतल्या सगळ्या बायकांसाठी तिनं ऑनलाइन साड्या मागवल्या होत्या, आणि बायका त्या नेसून आरतीला आल्या होत्या. "चेडू कसा फुलला बघ गो," एक जण मला म्हणाली. सगळे खूश. आणि मला आत्याच्या बांगड्या आठवल्या, लुगडी आठवली. असं वाटप आमच्या घराण्यात याआधी एकदा झालं होतं.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "झोपता काय ती?"

वहिनी म्हणाली, "चार दिस झाले, नाय झोपूक. म्हणता, झोपेत टायम फुकट जाता."

मी तशीच बाहेर आले. काका पडवीत पानाचं तबक घेऊन बसले होते.

"काकांनू, डॉक्टरांका आत्येचा सांगूक होया होता."

"खयच्या आत्येचा?"

"तुमच्या भैणीचा. आणखी कोणाचा?"

काकांनी पानाला चुना लावला, सावकाश. "तेचो हंय काय संबंध?"

"तेनी इचारल्यानी ना, घरात कोणाक होता काय म्हणान?"

"घराण्यात इचारल्यानी. ती आमच्या घराण्यातली खंय? ती दिल्या घरची. लगीन लागला, कूळ बदलला, देव बदललो. तिका जा काय झाला ता थंयच्या जागेवाल्याचा. आमच्या घराण्याक तेचो डाग कित्याक?"

"आणि रगत? कन्यादान करताना रगत पण बदलून देतत काय?"

"रगत-बिगत माका सांगू नको. मी खोटा बोलूक नाय. माका इचारल्यानी ता मी सांगलंय." मग त्यांनी पान तोंडात ठेवलं आणि वर आणखी म्हणाले, "आणि तू पण दिल्या घरची. आमच्या घरातल्या गोष्टीत तू पडू नको."

तेव्हा मला कळलं, की माणूस खरोखरच खोटं बोलला नव्हता. त्यांच्या हिशेबात घराणं म्हणजे म्हाळाला ज्यांच्या नावानं पिंड पडतो तेवढेच. त्यात बहीण नाही, मुलगी नाही, आत्या नाही. लग्नाच्या मांडवातून बाहेर पडली की तिचं सुख तिकडचं आणि तिचं दुखणंही तिकडचं. ती एका आईच्या पोटची, एका ताटात जेवलेली, पण डॉक्टरांनी विचारलं तर ती कोण? दिल्या घरची. आणि जिच्या अंगात आमच्या घराण्याच्या रक्ताचा थेंब नाही ती वहिनी मात्र पक्की घरातली, कारण दोष टाकायला कुणीतरी घरातली बाई लागते. पोरीनं लहानपणी हट्ट केला की "घाटावरचा रगत," पोर दहावीला पहिली आली की "आमच्या घराण्याचा डोक्या." वहिनी आंबोलीची, म्हणून घाटावरची. पंचवीस वर्षं तिनं हे ऐकलं, आणि या वैशाखात पोरगी आजारी पडल्यावर तर शेजारच्या बाईनं तिला तोंडावर विचारलं होतं, "तुमच्या माहेराक कोण आसा काय गो असा?" आणि तिनं, बिचारीनं, स्वतःच्या भावांना फोन करून एकेका मावशी-मामाची चौकशी केली होती. ज्यांनी मांगरात माणूस टाकून ठेवलं होतं ते पान खात बसले होते, आणि ही आंबोलीला फोन करत होती!

मी त्या दिवशी काकांशी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या पट्टीत बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते, की आरतीला आलेली माणसं खळ्यातच थांबली.

मग मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर त्या दिवशी कुडाळलाच होते, म्हणाले लगेच घेऊन या. गौरी यायच्या होत्या, घरात गणपती बसलेला, आणि अशा वेळी घरातली माणसं मनाच्या डॉक्टरकडे चाललेली, म्हणजे वाडीला महिनाभराचं बोलायला झालं. झालं तर झालं. आमच्या ह्यांनी काही न विचारता गाडीची किल्ली घेतली. भाची आनंदानं बसली, तिला वाटलं फिरायला चाललोय. वहिनी आणि दादा मागे बसले. आणि काका कुणी न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले, कारण कर्त्याशिवाय गाडी हलते कशी?

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भाचीशी बराच वेळ बोलून तिला नर्सबरोबर बाहेर बसवलं, आणि आम्हाला आत घेतलं. मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. आत्याचं सांगितलं, वारं भरायचं ते सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं, मांगराचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पेशंटच्या आजोबांची सख्खी बहीण?"

"हो."

"मग मागच्या वेळी नाही म्हणालात ते?"

काका दवाखान्यातल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "तिला आम्ही लग्न करून दिलेली होती, डॉक्टर."

डॉक्टरांना काही समजेना. ते घाटावरचे, पण तिथेही मुलींची लग्नं होतातच की. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे दिलेली मुलगी घराण्यात मोजत नाहीत. तुम्ही पुढच्या पेशंटला विचाराल तेव्हा घराणं म्हणू नका, घर म्हणू नका. आई-बाप, काका-मामा, आत्या-मावशी असं एकेक नाव घेऊन विचारा. दिलेल्या आणि आणलेल्या, दोन्ही बायकांचं विचारा." माझा आवाज चढला होता. ते मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी नुसती उदासी दिसत होती म्हणून त्यांनी उदासीची गोळी दिली. पण ज्याच्या रक्ताच्या नात्यात असे चढ-उतार आहेत त्याला ती एकटी गोळी कधीकधी उलट्या बाजूला नेते. हे आधी कळलं असतं तर त्यांनी वेगळं औषध विचारात घेतलं असतं, निदान दर आठवड्याला बघितलं असतं. काका म्हणाले, "म्हणजे हे आमच्या रक्तात आहे असं तुमचं म्हणणं?" त्यावर डॉक्टर म्हणाले, "रक्तात आहे म्हणजे कपाळावर लिहिलंय असं नाही, काका. एकाच घरात एकाला होतं, चौघांना होत नाही. पण मला ठाऊक असलं तर मी जपून पावलं टाकतो. तुम्ही लपवलं तर मी अंधारात चालतो. आणखी कुणी होतं का?"

मी वडिलांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा बोलला.

माझा दादा फारसा बोलत नाही. मागच्या खेपेला खाली बघत बसला होता असं वहिनी म्हणाली होती, तसाच आताही बसला होता. खाली बघतच तो म्हणाला, "वडिलांना होतं. शिमग्यानंतर. मलाही होतं."

डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं.

"दरवर्षी नाही," तो म्हणाला. "पण होतं. कुणाशी बोलू नये असं वाटतं. उठू नये असं वाटतं. बायकोनं समोर ताट ठेवलं तरी तिच्याकडे बघवत नाही. मग आपोआप जातं. मला वाटायचं, वडिलांचा स्वभाव आलाय."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. ती दवाखान्यातली मराठी विसरली. "माका वाटायचा, तुमचो माझ्यार राग आसा," ती म्हणाली. "पंचवीस वर्सां माका वाटायचा, माझा काय तरी चुकता."

दादा म्हणाला, "तुझा काय चुकूक नाय गो."

मला तिथे रडू आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं! एका घरात, एका खोलीत दोन माणसं, एक आतून बुडतोय आणि दुसरी स्वतःचा गुन्हा शोधतेय, आणि दोघांच्या मध्ये बसलंय आमचं घराणं, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत. कुणाच्या मुठीत काय होतं? एक मेलेली आत्या, एक गप्प बाप, एक गप्प मुलगा. यांना झाकून कुणाची अब्रू वाढली? काकांनी तेवढ्यात घसा खाकरला आणि म्हणाले, "हे बाहेर बोलायची गरज नाही." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खिशातली पानाची डबी चाचपायला लागले.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, दुसरं औषध सुरू केलं, रक्ताच्या तपासण्या वेळेवर करा म्हणाले, झोप महत्त्वाची म्हणाले. दादालाही वेगळी वेळ देऊन बोलावलं. घरी परतल्यावर काका गाडीतून उतरले ते सरळ पडवीत पानाच्या तबकापाशी गेले. संध्याकाळी आम्ही दोघं विजयदुर्गाकडे निघालो, तेव्हा वाटेत आमच्या ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आपल्या झिलाक पण...?"

चोराच्या मनात चांदणं. माणूस सज्जन, सकाळी किल्ली घेऊन न विचारता निघालेला, आणि संध्याकाळी त्याला आपल्या घराण्याची काळजी! मी म्हटलं, "आपल्या झिलाक माझ्या बापाशीची उंची इली हा, तुमच्या बापाशीचो मधुमेह येऊ शकता, आणि आणखी काय इला तर आमी डॉक्टराकडे जातलो आणि खरा सांगतलो. समाजला?" ते म्हणाले, "समाजला." आणि समजलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी नंतर स्वतः मुलाला बसवून सगळं सांगितलं.

भाची एकदम बरी झाली नाही. गोष्टीत होतात तशी माणसं बरी होत नाहीत. ते चढलेलं वारं उतरायला दिवस गेले, मग ती पुन्हा खाली गेली, मग औषधाचं प्रमाण बसलं. दिवाळी होऊन गेल्यावर ती कामावर जायला लागली. मालकिणीनं जागा तशीच ठेवली होती. साड्यांची तिला फार लाज वाटायची. त्यातच वाडीतल्या तीन-चार बायकांनी साड्या परत आणून दिल्या. प्रामाणिकपणा म्हणून नाही हो! पिशेपणात दिलेलं वस्त्र अंगाला लावलं तर आपल्या घरात काही शिरेल म्हणून. एकीनं तर ती पायरीवर ठेवली आणि हात धुऊन गेली. हीच ती, "चेडू कसा फुलला" म्हणणारी. खाण तशी माती, असं तिनं पुढे पाणंदीत कुणाला तरी ऐकवलं, ते माझ्याही कानावर आलं. वहिनीनं त्या सगळ्या साड्या धुऊन, घडी घालून कपाटात ठेवल्या. आता ती स्वतः नेसते, एकेक.

पुढच्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा गोव्यात औषधांच्या कंपनीत, घर सावंतवाडीकडचं. काकांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की गोळ्यांचा विषय काढायचा नाही. लग्न झालं की नवऱ्याच्या घरचा प्रश्न, म्हणाले. म्हणजे आणखी एक दिल्या घरची तयार! भाचीनं ऐकून घेतलं. पाहुण्यांपुढे चहा ठेवला, बसली, आणि मुलानं "तुम्हाला काही विचारायचंय का," असं म्हटल्यावर शांतपणे म्हणाली, "विचारायचं नाही, सांगायचंय." तिनं आजाराचं नाव सांगितलं, रोज कोणती गोळी घेते ते सांगितलं, पणजोबांच्या मुलीला होता हेही सांगितलं. मुलगा ऐकत होता. त्याच्या आईनं कप खाली ठेवला, अर्धा भरलेला.

मध्यस्थाकडून दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका बघूनच आले होते ते! मी फोनवर वहिनीला म्हटलं, सरळ नाही म्हणायची हिंमत नाही लोकांना. भाची मात्र म्हणाली, "आते, तू कित्याक चिडतंस? लपवून गेलंय असतंय तर गोळी पण लपवून खायची पडली असती."

त्यानंतर काही दिवसांनी मी माहेरी गेले होते. वहिनी आणि मी खळ्यात काजू फोडत बसलो होतो. हात डिंकानं आणि राखेनं भरलेले, म्हणून वहिनीनं फोन वाजल्यावर कोपरानं दाबून स्पीकरवर घेतला. त्या मुलाची आई होती. आवाज दबलेला, जणू शेजारच्या खोलीत कुणी ऐकतंय. मी हातानं खूण केली, ठेव फोन. वहिनीनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"वैनीनू," ती बाई म्हणाली, "तुमचे ते डॉक्टर कुडाळाक खयच्या दिसाक येतत?"

"कोणासाठी?"

"आमच्या धाकट्यासाठी. मयनो झालो, खोलयेतसून भायर येऊक नाय. जेवूक नाय धड."

मी उठून उभी राहिले. चपला झिजवून सून शोधताना यांना आमची पोर नको होती, आणि यांच्याच घरात खोलीचं दार बंद! वहिनीच्या जागी मी असते तर तिला दोन शब्द ऐकवले असते, आणि चांगले ऐकवले असते. वहिनीनं तिला दिवस सांगितला, वेळ सांगितली, आधी फोन करून जा म्हणून सांगितलं. आणि मग म्हणाली, "डॉक्टर इचारतले, घरात कोणाक असा होता काय."

"आमच्यात कोणाक नाय ओ असला," ती बाई घाईघाईनं म्हणाली. "आमच्या घराण्यात तर नायच."

"मी पण तसाच समाजलेलंय," वहिनी म्हणाली. "तुमी जरा बसा. तुमच्या घरातसून लगीन करून दिलेल्यो बायको सगळ्यो आठवा. एकेक आठवा. मगे जावा."

वहिनीनं आणखी एक काजू फोडला. फोन बंद झाला की काय म्हणून वहिनीनं वाकून बघितलं. मग ती बाई हळूच म्हणाली, "माझी एक नणंद होती."